दहा जणांचा गण : यहुदी धर्मातील समुदाय आणि कोकणातील बेने इस्राएल

यहुदी धर्मात काही प्रार्थना एकट्या माणसाला म्हणण्याची मुभाच नाही. तोराची, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांची, चर्मपत्रावर लिहिलेली गुंडाळी उलगडून तिचे जाहीर वाचन करावयाचे असो, ईश्वराच्या पावित्र्याचा उद्घोष करणारी 'केदुशा' म्हणावयाची असो, किंवा आईवडिलांच्या निधनानंतर मुलाने अकरा महिने म्हणावयाचे 'कद्दिश' असो, या सर्वांसाठी पारंपरिक नियमानुसार तेरा वर्षे पूर्ण झालेल्या किमान दहा पुरुषांची उपस्थिती लागते आणि या गणाला 'मिनयान' असे म्हणतात. नऊ मोठे धर्मपंडित एकत्र आले तरी मिनयान होत नाही, आणि हिब्रूचे एक अक्षर न येणारे दहा जण जमले तर ते होते. हा दहाचा आकडा तालमूद या धर्मचर्चेच्या विशाल ग्रंथात ज्या आधारावर काढला आहे, तो आधार विचार करण्याजोगा आहे. मोशेने कनान देश पाहण्यासाठी बारा हेर पाठविले, त्यांतील दहा जणांनी परत येऊन लोकांचे धैर्य खचविले, आणि त्या दहा जणांना उद्देशून गणनाच्या पुस्तकात 'मंडळी' हा शब्द आला आहे. त्यावरून दहा म्हणजे मंडळी असा नियम ठरला. समुदायाची सर्वांत लहान व्याख्या अशा रीतीने दहा श्रद्धाहीन आणि अपयशी माणसांवरून घेतली गेली, आणि यातच यहुदी धर्माची समुदायाकडे पाहण्याची दृष्टी दिसते, कारण समुदायात मोजले जाण्यासाठी सदाचाराची किंवा विद्वत्तेची पूर्वअट घातलेली नाही, हजर राहण्याची मात्र आहे.

विदर्भातील वाचकाला सामूहिक उपासनेची कल्पना नवी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातून गावोगाव पोहोचविलेली सामुदायिक प्रार्थना आजही अनेक खेड्यांत सायंकाळी होते आणि जातपात विसरून एका सतरंजीवर बसण्याचा संस्कार तिने या प्रदेशाला दिला आहे. तथापि, त्या प्रार्थनेचे बळ एकत्र येण्याने वाढते असा तेथील विचार आहे, आणि एकट्या भक्ताने घरी बसून तीच प्रार्थना म्हटली तर ती अपुरी ठरत नाही. यहुदी 'हलाखा', म्हणजे आचारधर्माचा कायदा, याहून पुढे जातो, कारण त्याच्या दृष्टीने कद्दिशसारखी प्रार्थना समुदायावाचून घडूच शकत नाही. ज्याचे वडील वारले आहेत त्या माणसाला दुःखात एकटे राहावेसे वाटत असले तरी कद्दिश म्हणण्यासाठी त्याला दररोज नऊ जणांकडे जावेच लागते, आणि त्या नऊ जणांनाही, मृताला त्यांनी कधी पाहिलेले नसले तरी, शोक करणाऱ्यासाठी यावे लागते. मृत्यूचा उल्लेखही नसलेली, केवळ ईश्वराच्या नावाचे माहात्म्य सांगणारी ही प्रार्थना दुःखी माणसाला समुदायाच्या दारात आणून उभे करते, आणि हेच तिचे सर्वांत मोठे कार्य आहे असे म्हणता येईल.

या नियमामागे असलेला विचार असा की ईश्वराने करार एकेका व्यक्तीशी केला नसून संपूर्ण लोकसमूहाशी केला आहे. सिनाय पर्वतापाशी नियमशास्त्र स्वीकारले ते सर्वांनी मिळून, आणि अनुवादाच्या पुस्तकात मोशे स्पष्ट करतो की त्या दिवशी जे उपस्थित नाहीत त्यांच्याशीही हा करार होत आहे. त्यावरून पुढच्या परंपरेने असे मानले की पुढे जन्माला येणारा प्रत्येक यहुदी आणि पुढे या धर्मात येणारी प्रत्येक व्यक्ती सिनायपाशी हजर होती. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी पापांची जी कबुली द्यावयाची असते ती अनेकवचनात असते, म्हणजे ज्याने चोरी केलेली नाही तोही सर्वांच्या वतीने चोरीची कबुली देतो. वल्हांडण या सणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या 'हग्गादा' या ग्रंथात चार मुलांचे प्रश्न आहेत, त्यांतील दुष्ट मुलाचा दोष ईश्वराला नाकारण्यापासून सुरू होत नाही. हा विधी 'तुमचा' आहे असे म्हणून तो स्वतःला घरच्यांतून वगळतो, आणि ग्रंथाच्या मते मूळ तत्त्वाचा नकार या वगळण्यातच आहे. बाराव्या शतकातील थोर धर्मशास्त्रज्ञ मोशे बेन मैमोन, ज्यांना जग मैमोनिडीस म्हणून ओळखते, यांनी तर असे ठरविले की जो समुदायाच्या सुखदुःखापासून दूर राहतो त्याच्या हातून एकही पातक घडले नसले तरी परलोकात त्याला वाटा नाही. व्यक्तिगत मोक्षाला सर्वोच्च स्थान देणाऱ्या परंपरेत वाढलेल्या मनाला हे विधान कठोर वाटेल, पण पुण्य केवळ स्वतःपुरते साठविता येत नाही या यहुदी गृहीतकातून ते सरळ निघते.

धर्मांतराच्या बाबतीतही हाच क्रम दिसतो. मवाबी स्त्री रूथ आपल्या सासूबरोबर बेथलेहेमला जाताना जी प्रतिज्ञा करते तिच्यात सासूच्या लोकांना ती आधी आपले म्हणते आणि सासूच्या देवाचे नाव त्यानंतर घेते, आणि यहुदी परंपरेने धर्मात येणाऱ्यासाठी हाच आदर्श मानला. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह धम्म स्वीकारला, तेव्हा बुद्ध आणि धम्म यांच्यानंतर तिसरे शरण संघाचे होते; क्रम निराळा असला तरी एकट्याने विचार बदलणे पुरेसे नसून नव्या जीवनासाठी नवा समुदाय लागतो, हे सत्य या शहराला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

हा सिद्धांत किती खोलवर टिकू शकतो याची कसोटी पाहावयाची तर जेरुसलेमकडे जाण्याआधी कोकणाकडे वळावे लागते. बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची मुले, या नावाने ओळखला जाणारा मराठीभाषक यहुदी समाज कित्येक शतके आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांमध्ये राहिला. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज ज्या जहाजातून येत होते ते अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बुडालेल्यांना नवगाव येथेच मूठमाती देण्यात आली. ग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू भाषा विस्मरणात गेली, जेरुसलेम आणि बॅबिलोन येथील धर्मपीठांशी संबंध उरला नाही. तेल गाळण्याच्या धंद्यात शिरलेल्या या लोकांनी गावांवरून रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर, झिराडकर, अष्टमकर, चेऊलकर अशी आडनावे घेतली, आणि वेशभूषा, भाषा, स्वयंपाक या साऱ्या बाबतींत ते कोकणी होऊन गेले.

मग उरले काय? शनिवारी घाणा बंद ठेवणे, मुलाची आठव्या दिवशी सुंता करणे, खवले नसलेले मासे न खाणे, आणि ईश्वर एकच आहे अशी ग्वाही देणारी 'शेमा' ही छोटी प्रार्थना, जी ते जन्म, विवाह, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी म्हणत, एवढेच उरले. शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले, कारण सोमवारी घाणा न चालविणारे तेली जसे गावाला ठाऊक होते तसेच हे शनिवारचे. सणांची हिब्रू नावेही गेली आणि त्या जागी मराठी नावे आली. योम किप्पूर हा 'दारफाळणीचा सण' झाला, कारण त्या दिवशी घरे आतून बंद करून, पांढरी वस्त्रे नेसून, कोणालाही न शिवता उपवास करावयाचा असे, आणि दुसऱ्या दिवशी 'शिळा सण' येई, ज्यात दानधर्म आणि एकमेकांच्या घरी जाणे होत असे. जेरुसलेमचे मंदिर पडल्याचा शोकदिन 'बिरड्याचा सण' म्हणून पाळला जाई. मंदिर केव्हा, कोणी पाडले हे सांगणारा ग्रंथ जवळ नसताना त्या शोकात सामील होत राहणे हे समुदायाशी असलेल्या नात्याचे असे उदाहरण आहे की त्याच्यापुढे श्रद्धेची व्याख्या करणारी अनेक प्रकरणे फिकी पडतात. विसाव्या शतकातील अमेरिकी विचारवंत मॉर्डेकाय कॅप्लन यांनी १९३४ मध्ये 'यहुदी धर्म ही एक संस्कृती' अशी मांडणी केली आणि विश्वासाआधी आपलेपणा येतो असा विचार रुजविला. कोकणातील तेल्यांनी तो कित्येक पिढ्या आचरणात आणला होता.

या समाजाला बाहेरच्या यहुद्याने ओळखले त्याची कथा या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण आहे. दाविद रहाबी नावाचा एक यहुदी कोकणात आला, आणि काही अभ्यासक त्याला अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. या लोकांच्या चालीरीती पाहून त्याला शंका आली, आणि खात्री करून घेण्यासाठी त्याने त्यांच्या स्त्रियांना निरनिराळे मासे मिसळून रांधावयास दिले. स्त्रियांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले आणि उरलेले आपण खात नाही असे सांगितले, तेव्हा त्याची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील तिघांना धर्मशिक्षण दिले आणि हेच पुढे समाजाचे 'काझी' झाले. ही कथा इतिहास म्हणून जशीच्या तशी घेतली नाही तरी समाजाने ती जपली याला अर्थ आहे. येथे वंशावळ विचारली गेली नाही, दस्तऐवज मागितला गेला नाही; चुलीपाशी बसलेल्या स्त्रीच्या हाताने जी निवड केली तीच ओळख ठरली, आणि ज्या स्त्रियांना मिनयानमध्ये मोजले जात नव्हते त्यांच्याच साक्षीवर संपूर्ण समाजाची ओळख उभी राहिली.

बेने इस्राएलांच्या धर्मजीवनात एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, यांना जे स्थान आहे ते अन्यत्र क्वचितच आढळते. विवाहाच्या आधी, सुंतेच्या वेळी, नव्या घरात जाताना किंवा नवस फेडताना 'मलिदा' हा विधी होतो. गूळ, खोबरे आणि सुकामेवा घालून कालविलेले पोहे पाच प्रकारच्या फळांसह ताटात मांडतात, एलियाहूचे स्तोत्र गातात आणि प्रसाद सर्वांत वाटतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावातील एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण उमटली आहे अशी श्रद्धा आहे आणि तेथे नवस फेडावयास लोक जातात. हाच एलिया बायबलमध्ये होरेब पर्वतावरील गुहेत बसून ईश्वराजवळ तक्रार करतो की इस्राएल लोकांनी करार टाकून दिला असून निष्ठावंत असा तो एकटाच उरला आहे. पुढच्या रब्बींच्या एका कथेत ईश्वर त्याला याचे उत्तर देतो ते असे की यापुढे जेथे जेथे एखाद्या मुलाला करारात घेण्यात येईल तेथे तेथे त्याने साक्षीला हजर राहावे, आणि म्हणून प्रत्येक सुंतेच्या वेळी एलियासाठी एक आसन मांडले जाते. 'मी एकटाच उरलो' असे म्हणणाऱ्या संदेष्ट्याला ईश्वराने दिलेला हा कायमचा धडा आहे, कारण प्रत्येक पिढीत, प्रत्येक घरी जाऊन त्याला पाहावे लागते की तो एकटा नाही. सर्व यहुदी जगापासून तुटलेल्या आणि स्वतःला एकटेच उरलेले मानण्याचे प्रत्येक कारण ज्यांच्याजवळ होते, अशा कोकणातील समाजाने नेमक्या याच संदेष्ट्याला आपल्या प्रत्येक मंगलप्रसंगी बोलवावे, यात त्यांच्या जाणिवेची खोली दिसते.

मुंबईत आल्यावर या समुदायाने संस्थारूप घेतले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी असलेले सॅम्युएल इझिकेल, म्हणजे समाजी हसाजी दिवेकर, यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात 'शार हारहमीम', दयेचे दार, हे मुंबईतील पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनागृह, बांधले. मराठी बोलणारे यहुदी सिनेगॉगला 'मशीद' म्हणत, आणि मशीद बंदर हे स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगितले जाते. पुढे अलिबाग, पनवेल, रेवदंडा, ठाणे, पुणे येथे सिनेगॉग झाली, आणि त्यांच्या कारभारासाठी मुकादम, चौगुला, गबाई म्हणजे खजिनदार, हझ्झान म्हणजे प्रार्थना चालविणारा आणि शमाश म्हणजे सेवेकरी अशी रचना तयार झाली, जिच्यात मराठी गावगाडा आणि हिब्रू परंपरा एकमेकांत विणलेली दिसतात. १८४६ आणि १८७४ मध्ये हग्गादा मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ च्या पुणे आवृत्तीतील चित्रांत वल्हांडणाची तयारी करणाऱ्या स्त्रिया नऊवारी नेसलेल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८८० पासून बायबलमधील पूर्वजांची चरित्रे कीर्तनाच्या अंगाने सांगण्याची प्रथा या समाजात सुरू झाली, आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने ओव्या, साक्या आणि दिंड्या यांतून गायली जाऊ लागली. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये समाजाच्या मुलांसाठी शाळा सुरू केली आणि १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला, जो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला.

समुदायाच्या या गौरवाला जी काळी बाजू आहे ती झाकून चालणार नाही. बेने इस्राएलांत 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. ज्यांच्या माता यहुदी नव्हत्या असे मानले जाई अशा घराण्यांना 'काळे' म्हणत, आणि त्यांच्याशी बेटीव्यवहार होत नसे. आजूबाजूच्या जातिव्यवस्थेने दिलेला हा वारसा आहे हे खरे, पण दहा हेरांवरून मंडळीची व्याख्या करणाऱ्या धर्मात तो शिरावा ही वेदनेची गोष्ट आहे. तोच अन्याय मग त्यांच्या वाट्यालाही आला. एकोणिसाव्या शतकात मुंबईत आलेल्या बगदादी यहुद्यांपैकी अनेकांनी बेने इस्राएलांना आपल्या मिनयानमध्ये मोजण्यास नकार दिला. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर हजारो बेने इस्राएल तेथे गेले, आणि १९६२ मध्ये तेथील मुख्य रब्बीपीठाने असा आदेश काढला की बेने इस्राएल व्यक्तीचा अन्य यहुद्याशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या मातृपक्षाची पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी करावी. शतकानुशतके रब्बी नसलेल्या समाजात शास्त्रोक्त घटस्फोट झाले नसतील, आणि तशा स्त्रीचा पुनर्विवाह झाला असेल तर तिच्या संततीशी विवाह निषिद्ध ठरतो, असे त्यामागचे कायदेशीर तर्कशास्त्र होते.

हे तर्कशास्त्र हलाखाच्या चौकटीत निराधार म्हणता येणार नाही, पण त्याने धर्माचा गाभा गमावला असे स्पष्ट म्हणावे लागते. सर्व इस्राएल एकमेकांसाठी जबाबदार आहेत हे तालमूदमधील तत्त्व दोन्ही बाजूंना बांधते. व्यक्तीने समुदायापासून दूर जाऊ नये असे सांगणाऱ्या धर्माने समुदायालाही व्यक्तीला दारात उभे ठेवण्याची मोकळीक दिलेली नाही, आणि ज्यांनी ग्रंथाविना करार पाळला त्यांच्याकडे कागद मागणे हा त्या तत्त्वाचा भंग होता. बेने इस्राएलांनी निदर्शने केली, जेरुसलेममध्ये ठाण मांडले, आणि अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने, क्नेसेटने, खास अधिवेशनात ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदी असून त्यांना इतरांच्या बरोबरीचे हक्क आहेत. त्यानंतर रब्बीपीठाच्या आदेशातून त्यांचे नाव वगळण्यात आले. या आंदोलनात एक गोष्ट लक्षणीय आहे: अपमानित झालेल्या या लोकांनी स्वतंत्र पंथ काढला नाही, त्यांनी त्याच समुदायात आपली जागा मागितली.

समुदाय एवढा महत्त्वाचा असेल तर त्याला विवेकाचे बंधन कोण घालणार, हा प्रश्न यहुदी विचाराला पुरता सुटलेला नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या समुदायाने जुलै १६५६ मध्ये तेवीस वर्षांच्या स्पिनोझाला 'हेरेम', म्हणजे बहिष्कार, पुकारून बाहेर काढले आणि युरोपातील एका श्रेष्ठ तत्त्वज्ञाला गमावले. महाराष्ट्रात याचे अधिक आशादायक उत्तर डॉ. जेरूशा झिराड यांच्या कार्यात सापडते. कामा रुग्णालयात काम केलेल्या या नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ विदुषीने रूढी पटत नाहीत म्हणून समाज सोडला नाही, तर १९२५ मध्ये मुंबईत उदारमतवादी यहुदी उपासना मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. बंडखोराने नवे मिनयान उभारावे, एकटे पडू नये, ही यहुदी परंपरेला अनुसरूनच असलेली बंडखोरी होती.

विसाव्या शतकाच्या मध्याला वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज आज बहुतांशी इस्राएलमध्ये, अश्दोद, लोद, दिमोना, बिरशेबा अशा शहरांत आहे; तेथून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघाले आणि तेथे महाराष्ट्र दिन साजरा होतो. २०११ च्या जनगणनेनुसार संपूर्ण भारतात यहुद्यांची संख्या पाच हजारांहूनही कमी होती. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. कोकणातील सिनेगॉगांत दहा जण जमविणे अवघड झाले आहे, आणि जमावातच जिवंत राहणाऱ्या धर्माच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगावयास नको. मात्र या समाजाचे कीर्तनसाहित्य, मराठी हग्गादा, प्रार्थनांची भाषांतरे आणि नियतकालिके हे मराठी धर्मवाङ्मय आहे, आणि महानुभाव, वारकरी, लिंगायत, जैन, ख्रिस्ती परंपरांच्या शेजारी त्याचा अभ्यास होणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मराठी विभागांनी हे ग्रंथ मिळवावेत, जतन करावेत आणि पाठ्यक्रमात आणावेत. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना मोजण्याचे काम मराठी अभ्यासकांकडे अजून शिल्लक आहे.